अलिप्ततावादी चळवळीची स्थापना १९५५ च्या बांडुंग परिषदेत झाली का?

नाही, ती झाली सप्टेंबर १९६१ मध्ये, युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेडला, २५ सदस्य देशांना घेऊन. इंडोनेशियातल्या बांडुंगला एप्रिल १९५५ मध्ये भरली होती ती आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद. तिथली हजेरी नुसती चाळली तरी घोळ मिटतो: तुर्कस्तान 'नाटो'त, पाकिस्तान, थायलंड आणि फिलिपिन्स 'सिएटो'त (दोन्ही अमेरिकेच्या गोटातल्या लष्करी संघटना), आणि चीनचा सोव्हिएत संघाशी मैत्रीकरार. अलिप्त म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोन्ही गटांबाहेर; मग हे कसले अलिप्त! वाद तर इतका पेटला की सिलोनचे (आजच्या श्रीलंकेचे) पंतप्रधान कोटेलावला म्हणाले, पूर्व युरोपावरची रशियाची पकड हाही वसाहतवादच. म्हणून शेवटच्या दहा तत्त्वांत दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या: सामूहिक संरक्षणाचा हक्क मान्य, पण बड्या सत्तांच्या स्वार्थासाठी तो वापरायचा नाही. शिवाय चळवळीचे एक संस्थापक, युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष टिटो बांडुंगला नव्हतेच. युगोस्लाव्हिया पडला युरोपात.

मात्र नातं अगदीच नाही असं नाही. नेहरू, इजिप्तचे नासेर आणि बांडुंगचे यजमान सुकार्णो दोन्हीकडे होते, आणि चळवळ पुढे याच दहा तत्त्वांना आपला पाया मानत आली. एमपीएससीच्या पेपरात 'स्थापना' विचारली तर उत्तर बेलग्रेड, १९६१.