शेरूला गावी सोडायचं का?

प्रश्न : मला सातवा महिना लागलाय. ठाण्यात आमचं वन-बीएचके आहे. घरात पाच वर्षांचा देशी कुत्रा शेरू आणि दोन वर्षांची मांजर मनी. बाळंतपणाला मी सांगलीला माहेरी जाणार आणि बाळ दीड महिन्याचं झालं की परत येणार. दिवाळीत नणंदेच्या मुलाने शेरूच्या ताटलीत हात घातला तेव्हा तो गुरगुरला. चावला नाही, पण तेव्हापासून सासूबाई म्हणतात, त्याला आत्ताच गावी सोडून या. मनीचे केस बाळाच्या पोटात जाऊन दमा होईल असंही त्यांचं म्हणणं. नवरा म्हणतो, बाळ घरात आलं की शेरू आपोआप सुधारेल. मी मधल्या मध्ये अडकले आहे. काय करू?

उत्तर : सासूबाईंची भीती रास्त आहे, उपाय चुकीचा आहे. नवऱ्याचं प्रेम खरं आहे, पण ‘आपोआप’ काही होत नसतं. फ्लॅटमध्ये वाढलेला कुत्रा गावात सोडला की तिथली कुत्री त्याला हद्दीत टिकू देत नाहीत. आणि ‘बाळ जरा मोठं झालं की परत आणू’ हा बेत तर त्याहून वाईट. तो परतेल तेव्हा त्याच्या घरात एक अनोळखी रांगणारा जीव असेल, आणि सगळ्यात जपायचा काळ नेमका तोच असतो. बाळ घरी यायला अजून चार-साडेचार महिने आहेत. तेवढे पुरतात, पण सुरुवात या आठवड्यात करायला हवी. यातलं बरंचसं काम नवऱ्याचं आहे, कारण तुम्ही सांगलीला असाल आणि शेरू त्याच्याजवळ.

आधी गुरगुरण्याचं बघू. कुत्रा गुरगुरतो म्हणजे ‘लांब राहा’ असं सांगतो. त्यासाठी त्याला रागावलं तर सांगणं बंद होतं, अस्वस्थता तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. त्याऐवजी असं करा. शेरू जेवत असताना सहा फुटांवरून चालत जा, उकडलेल्या बिनहाडाच्या चिकनचा तुकडा ताटलीकडे टाका आणि न थांबता पुढे निघून जा. एका जेवणात असं तीन-चार वेळा. माणूस येताना दिसला की तो मान वर करून शेपटी हलवत वाट बघू लागला, तरच अर्धा फूट जवळून जा. त्याचं अंग ताठ झालं किंवा तो घाईघाईने गिळू लागला, तर पुन्हा लांबून. हे मोठ्या माणसांनीच करायचं, भाच्याला यात घेऊ नका. आणि ‘सवय व्हावी’ म्हणून तोंडाखालची ताटली काढून घेण्याचा प्रकार बऱ्याच घरांत चालतो, तो आजच बंद करा. ताटली राखायची सवय त्यानेच पक्की होते. हे सगळं जमलं तरी पुढे त्याचं जेवण बंद दाराआड स्वयंपाकघरातच, आणि पंधरा मिनिटांनी ताटली उचलून ठेवायची.

शेरू ताटलीशिवाय सोफ्यावरून, पलंगावरूनही गुरगुरत असेल, किंवा त्याने कधी कुणाला रक्त येईपर्यंत चावलं असेल, तर मात्र घरगुती उपायांवर राहू नका. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या व्हेटला तुम्ही सांगलीला जायच्या आधी दाखवा. त्यांनी ‘हा लहान मुलांच्या घरात नको’ असं सांगितलं, तर लहान मूल नसलेलं चांगलं घर आत्तापासून शोधा. गाव हे तेव्हाही उत्तर नाही.

बाळामुळे जे बदलणार आहे, ते बाळ यायच्या आधीच बदला. शेरू पलंगावर झोपत असेल तर आजपासून बंद. सकाळी तुम्ही फिरवत असाल तर ते नवऱ्याकडे द्या. हेच बदल बाळाच्या पाठोपाठ झाले, तर कुत्रा दोन्हींचा संबंध जोडतो. हॉलच्या कोपऱ्यात त्याची सतरंजी टाका आणि ‘जागेवर’ म्हटलं की तिथे जाऊन बसायला शिकवा. आधी पाच सेकंद, मग वाढवत दहा मिनिटं. बेडरूमच्या दारात जाळीचं गेट लावा. उंची तीन फूट, सळयांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे पुढे बाळाचं डोकं अडकणार नाही.

बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर मिळतं. पहिल्यांदा आपल्याला जेमतेम ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात, दिवसातून दोनदा पाच मिनिटं, आणि आवाज चालू असेपर्यंत खाऊ. आवाज थांबला की खाऊ थांबला. तो कान टवकारून येरझाऱ्या घालू लागला तर आवाज फार मोठा झालाय, कमी करा. झोळी बांधणार असाल तर आत्ताच बांधा आणि रिकामी हलवा. झोळी कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर हलते, आतून चिरका आवाज येतो, आणि हलणाऱ्या गोष्टीवर झेपावणं हा त्याचा स्वभाव आहे. झोळी हलते आणि आपण सतरंजीवर बसून खाऊ खातो, हे त्याच्या अंगवळणी पडलं पाहिजे. तरीही झोळी टांगायची ती गेटच्या आतल्या बाजूलाच.

बाळ झाल्यावर नवरा सांगलीला येईल तेव्हा एक वापरलेलं, न धुतलेलं दुपटं त्याच्याबरोबर पाठवा. ते घरात ठेवून शेरूला हुंगू द्या, नाकाला लावू नका.

घरी याल त्या दिवशी शेरूला आधी चांगला तासभर फिरवून आणायचं. मग तुम्ही एकट्याच आत या. इतक्या दिवसांनी दिसल्यावर तो उड्या मारणारच, त्या वेळी हातात बाळ नको. तो शांत झाला की तुमच्या आईंनी किंवा नवऱ्याने बाळाला घेऊन सोफ्यावर बसायचं, शेरू पट्ट्यावर आठ फुटांवर, पट्टा सैल. दोन-तीन मिनिटांत आटपा. तो बघून नजर वळवू लागला की खाऊ द्या. सारखी जांभई, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, तोंड मिटून एकाएकी स्तब्ध होणं, ही नको असल्याची लक्षणं. त्यातलं काही दिसलं तर लगेच बाहेर न्या. बाळाला झटकन वर उचलू नका, कुत्रा त्याच्यामागे उडी मारतो.

मालिश आणि आंघोळीच्या वेळी शेरू आणि मनी दोघंही खोलीबाहेर. तेलाच्या आणि ओकलेल्या दुधाच्या वासाने कुत्रा चाटायला येतो, आणि बाळाचं तोंड, डोळे आणि खरचटलेली जागा त्याने चाटू नये. ओवा-वावडिंगाची धुरी देत असाल तर शेगडी मनीच्या शेपटीच्या टप्प्यात ठेवू नका.

मनीचा प्रश्न वेगळा आहे. तिला ऊब हवी असते, त्यामुळे ती पाळण्यात जाऊन झोपणार. श्वास शोषून घेणं वगैरे काही नसतं, पण तोंडापाशी वेटोळं घालून बसलेलं मांजर सरकवायची ताकद तान्ह्या बाळात नसते. मच्छरदाणीवर भरवसा ठेवू नका, ती मांजराच्या वजनाने खाली लोंबते. बाळ झोपलं की खोलीचं दार बंद, आणि बंद करण्याआधी पलंगाखाली डोकावायचं. केसांचं म्हणाल तर एखादा केस पोटात गेल्याने दमा होत नाही. बाळाला खरंच ॲलर्जी दिसली तर बालरोगतज्ज्ञ सांगतीलच. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा मनीला रोज विंचरा.

तुमच्यासाठी आत्ता महत्त्वाचं आहे ते मनीचं लिटर, म्हणजे तिच्या शी-शूचा ट्रे. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या जंतूचा संसर्ग होऊ शकतो, आणि गरोदरपणात तो पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. तो जंतू विष्ठेत एक ते पाच दिवसांनी संसर्गजन्य होतो, म्हणून लिटर रोज साफ झालं पाहिजे आणि ते तुम्ही करायचं नाही. कुणीच नसेल तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन. मनीला कच्चं मांस नको, तुम्हीही अर्धकच्चं मटण खाऊ नका. भाज्या नीट धुवा. मनीची नसबंदी राहिली असेल तर आत्ताच उरकून घ्या.

दोघांची रेबीजची लस चालू आहे का, पुस्तिकेत तारीख बघा. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. शेरूच्या गोचीडांच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते मनीला विषारी आहे, व्हेटला घरात मांजर असल्याचं आठवणीने सांगा.

बारसं ठाण्यात असेल तर त्या दिवशी शेरूला ओळखीच्या घरी पाठवा. तीस पाहुणे, पेढे, आणि नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत बसणारे बुक्के! आत्याला मारतायत असं वाटून तो मध्ये पडू शकतो.

पहिले तीन महिने सगळे डोळ्यांत तेल घालून असतात आणि मग ‘झाली की सवय’ म्हणून सैलावतात. बाळ सातव्या-आठव्या महिन्यात रांगायला लागतं तेव्हा ते स्वतःहून कुत्र्याकडे जातं. शेपटी धरतं, झोपलेल्याच्या अंगावर पडतं, हाडाला हात घालतं. तेव्हा गेट पुन्हा रोज लावा, हाडं-खेळणी जमिनीवरून उचला, शेरूची सतरंजी बाळ पोचणार नाही अशा जागी हलवा. दारावर कुरिअर आलं तरी एक जण बाळाला उचलून घ्यायचा. दोघांना एका खोलीत एकटं मिनिटभरही सोडायचं नाही.

नख किंवा दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, पोव्हिडोन आयोडिन लावा. हळद, चुना, मिरची काही नको, पट्टी बांधू नका. शेरूची लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रेबीजची लस बाळाच्या मांडीत देतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही लागतं, आणि ते सगळ्या दवाखान्यांत नसतं. तुमच्या जवळ कुठे मिळतं ते नवऱ्याने आधीच विचारून ठेवावं.