वाचकांचे प्रश्न : वाळूच्या रंगाचा पतंग नवा कसा ठरतो?

प्रश्न : जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंगांचे फोटो काढले. त्यांतला एक फिकट पिवळसर पतंग कोणत्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. ही नवी जात असू शकेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : असू शकेल, पण फोटोवरून ते कुणीच सांगू नये. रंगावरून तर मुळीच नाही. (शाळेच्या पुस्तकात ‘प्रजाती’ वरची पायरी आणि ‘जाती’ खालची, वर्तमानपत्रं जातीलाच प्रजाती म्हणतात. आम्ही शाळेच्या पुस्तकाप्रमाणे चाललो आहोत.)

वाळवंटात फिका रंग हा निरनिराळ्या कुळांतल्या पतंगांचा जणू गणवेशच असतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स इथली वाळू जिप्समची आहे, बारीक साखरेसारखी पांढरी. पतंगांचे अभ्यासक एरिक मेट्झलर यांनी २००७ पासून तिथे पतंग गोळा केले आणि त्यांतून नव्या जातींची वर्णनं एकामागून एक प्रसिद्ध झाली. त्यांतल्या कित्येक पांढुरक्या आहेत. पण पांढरा दिसला म्हणून नवा, असं तिथेही ठरत नाही. शेजारच्या डोंगरात राहणाऱ्या गडद जातीचंच ते फिकट रूप असू शकतं.

दुसरी फसगत झिजेची. पंखावरची नक्षी खवल्यांची असते, आणि चार-पाच रात्री उडलेल्या पतंगाचे खवले वाळूत, काटेरी झुडपांत घासून गळतात. मग ठिपका नाहीसा होतो, रेषा पुसट होते आणि पतंग ‘कशाशीच जुळत नाही’. पंखांच्या कडेची झालर फोटोत शाबूत आहे का, ते आधी बघा. झालर विरलेली असेल तर नक्षीवर भिस्त ठेवू नका.

शिवाय ‘पुस्तकात नाही’ याला फारसा अर्थ नाही. हॅम्पसन यांचे भारतीय पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ मधले आहेत. थरमधले काही पतंग उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानापर्यंत पसरलेले असतात, त्यामुळे तुमच्या पतंगाचं नाव इजिप्तमधल्या नमुन्यावरून शंभर वर्षांपूर्वीच ठेवलेलं असू शकतं. नवी जात सापडते ती वाळूत कमी आणि जुन्या नमुन्यांच्या खणात जास्त.

प्रश्न : पतंगाचं जननेंद्रिय तपासल्याशिवाय जात ठरत नाही असं वाचलं. ते नेमकं करतात कसं? – प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : पंख सारखे दिसणाऱ्या दोन जातींमध्ये हे अवयव बहुधा वेगळे असतात, आणि ते कायटिनचे, म्हणजे कीटकांच्या कवचातल्या टिकाऊ पदार्थाचे, असल्यामुळे शंभर वर्षांच्या वाळक्या नमुन्यातही टिकतात. म्हणून ही खटपट.

टाचणीवरच्या नमुन्याचं उदर चिमट्याने खालून हलकेच वर रेटा. ते मुळाशी तुटून येतं. त्याच क्षणी एक क्रमांक लिहा. तोच क्रमांक टाचणीवरच्या चिठ्ठीवर, तोच उदराच्या कुपीवर आणि पुढे तोच काचपट्टीवर. सगळ्यात महागात पडणारी चूक रसायनाची नसते, दोन उदरांची अदलाबदल झाल्याची असते.

उदर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात घाला. कुपी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली तर लहान पतंगाला १५ ते २० मिनिटं, जाड्या पतंगाला अर्धा तास लागतो. घाई नसेल तर साध्या तापमानाला रात्रभर ठेवा. वेळ कमी पडला तर स्नायू चिकटून राहतात. जास्त झाला तर मादीची पातळ पिशवी, म्हणजे बर्सा, विरघळल्यासारखी पारदर्शक होते आणि मग रंगही धरत नाही. मादीचं उदर म्हणूनच मधूनमधून काढून बघावं. द्रावण कातडी जाळतं. हातमोजे आणि चष्मा हवाच.

मग पाण्यात थोडा अल्कोहोल घालून त्यात उदर धुवा, बारीक मऊ कुंचल्याने खवले झाडा आणि आतला विरघळलेला गाळ हलकेच दाबून मागच्या बाजूने बाहेर काढा. नराचा भाग आठव्या खंडाजवळचा पडदा कापून सुटा होतो. मादीचा सातवा खंड मात्र जोडलेलाच ठेवा, कारण बर्साचं तोंड तिथे कसं बसतं हीच खूण असू शकते. मादीचे अवयव रंगवायला क्लोराझोल ब्लॅक या काळ्या रंगाचा एखादा थेंब पुरतो. नॉक्टुइड कुळातल्या नराची आतली नळी, व्हेसिका, बारीक सुईच्या सिरिंजने अल्कोहोल सोडून मोज्यासारखी उलटी फुगवावी लागते. तिच्यावरचे काटे आणि फुगे किती, कुठे, यावरच कधीकधी निकाल लागतो.

लगेच काचपट्टीवर चिकटवू नका. आधी ग्लिसरीनमध्ये ठेवून सगळ्या बाजूंनी वळवून बघा, फोटो घ्या. युपारलमध्ये (काचपट्टीवर नमुना कायमचा बसवणारा डिंकासारखा पदार्थ) कव्हर स्लिपखाली दाबलं की बाजूचं दृश्य कायमचं गेलं. युपारलमध्ये नेण्याआधी ७०, मग ९५ टक्के अल्कोहोलमधून न्या. पाणी राहिलं तर पट्टी दुधाळ होते. पट्टी पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात, तोवर आडवीच ठेवा.

एकच नर तपासून थांबू नका. पाच-सहा नर आणि तेवढ्याच माद्या बघितल्या तरच फरक जातीचा की त्या एका जीवाचा, हे कळतं.

प्रश्न : डीएनए बारकोड केला तर एवढी चिरफाड कशाला? – एक वाचक, पुणे

उत्तर : बारकोड म्हणजे सीओआय जनुकाच्या ६५८ अक्षरांचा तुकडा. एक पाय पुरतो. पतंगांत २ टक्क्यांच्या आसपास फरक दिसला की शंका घ्यावी, पण तो कायदा नव्हे. वोल्बाकियासारखा जिवाणू आईकडून पिल्लांकडे जातो आणि त्याच वाटेने जाणाऱ्या या जनुकाचा हिशोब बिघडवतो. अगदी अलीकडे वेगळ्या झालेल्या जातींचे बारकोड सारखेही निघतात.

दोन्ही पुरावे एकत्र कसे येतात हे निओपाल्पा या प्रजातीत दिसतं. तिच्यात निओपाल्पा निओनाटा ही एकच जात धरली जात होती. वझरिक नझारी या संशोधकांनी संग्रहालयांतले नमुने पुन्हा काढले, बारकोड जुळवले, जननेंद्रियं ताडून पाहिली आणि कॅलिफोर्निया व बाहा कॅलिफोर्नियातली दुसरी जात वेगळी काढली. डोक्यावर पिवळट पांढरे खवले, म्हणून नाव ठेवलं निओपाल्पा डोनाल्डट्रम्पाय. वर्णन आलं जानेवारी २०१७ मध्ये, शपथविधीच्या तोंडावर.

प्रश्न : नाव कुणाचंही ठेवता येतं का? आणि नमुना स्वतःजवळ ठेवला तर चालतो का? – दोन वाचक, कोल्हापूर आणि मडगाव

उत्तर : नाव ठेवणारा बराच मोकळा असतो, व्याकरण मात्र पाळावं लागतं. पुरुषाच्या नावाला ‘आय’, स्त्रीच्या नावाला ‘ए’, गावाला बहुधा ‘एन्सिस’. व्हाइट सँड्सच्या २००९ च्या पहिल्या दोन जातींत दोन्ही तऱ्हा आहेत : युक्सोआ लॅफोंटेनाय हे एका तज्ज्ञाच्या आडनावावरून, प्रोटोजिजिया व्हाइटसँड्सेन्सिस हे जागेवरून.

नाव वैध व्हायला मात्र जात नवी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं, शेजारच्या जातींहून वेगळेपण शब्दांत हवं, होलोटाइप म्हणून, म्हणजे त्या नावाचा कायमचा आधार म्हणून, एकच नमुना नेमलेला हवा आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा असेल ते सांगितलेलं हवं. लेख फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी आणि त्या नोंदणीचा लेखातच उल्लेख हवा. तो राहिला तर नाव अस्तित्वातच येत नाही, वर्णन कितीही सुरेख असो.

होलोटाइप घरच्या पेटीत ठेवू नये. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्याने नव्या जातीची माहिती नेमलेल्या भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ते झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. त्यांची केंद्रं पुण्यात आणि जोधपूरलाही आहेत. अभयारण्यात पतंग धरायला वनखात्याची परवानगी वेगळी. ती दिवा लावण्याआधी घ्यायची, नंतर नाही.

पाठवताना चिठ्ठी न पुसणाऱ्या शाईत लिहा : जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कशाने पकडला, कुणी पकडला. उदराची कुपी त्याच टाचणीवर खोचा आणि तुटका पंख किंवा मिशी फेकून न देता जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये घालून तिथेच लावा.