कादंबरीतल्या काल्पनिक जहाजाचं स्केल मॉडेल करायचं आहे, पण नकाशाच मिळत नाही. मापं कुठून आणायची?

तुम्ही लिहिलंय की आवडत्या कादंबरीतलं जहाज घरी बनवायचं आहे, पण त्याचा नकाशा कुठे मिळत नाही आणि सापडलेली चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत. माझा सल्ला असा, की चित्रं काही दिवस बाजूला ठेवा आणि पेन्सिल घेऊन पुस्तक पुन्हा वाचा. जिथे जिथे माप, दिशा, आकार किंवा धातू यांचा उल्लेख येईल, तिथली ओळ वहीत उतरवून घ्या. मी ज्यूल्स व्हर्नच्या कॅप्टन नेमोची पाणबुडी 'नॉटिलस' अशीच केली, म्हणून तिच्याच आधारे सांगते.

तिची कादंबरी 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' १८६९-७० मध्ये फ्रान्समध्ये क्रमशः आली. आज 'नॉटिलस' म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर १९५४ च्या चित्रपटातली, पाठीवर करवतीसारखे दाते असलेली पाणबुडी येते. ती त्या चित्रपटाचे डिझायनर हार्पर गॉफ यांची कल्पना. मलाही ती फार आवडते, पण पुस्तकातली नॉटिलस तशी नाही. नेमो स्वतः सांगतो, की ती सिगारच्या आकाराची, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली नळी आहे. लांबी बरोबर ७० मीटर, सगळ्यात जास्त रुंदी ८ मीटर. पाणबुडीला पुढे ढकलणाऱ्या मागच्या पंख्याचा व्यास ६ मीटर. मुख्य दालन १० मीटर लांब, ६ रुंद, ५ उंच. एवढं नेमकं सांगणारा लेखक मिळणं हे भाग्यच.

स्केल ठरवताना मी आधी हार्डवेअरच्या दुकानात गेले. पाण्याच्या लाइनचा पीव्हीसी पाइप बाहेरून ४० मिलिमीटरचा मिळतो. ८ मीटरचे ४० मिलिमीटर म्हणजे १:२००. मग लांबी ३५ सेंटिमीटर, पंखा ३० मिलिमीटर आणि डेकवरचा माणूस साडेआठ मिलिमीटर. हे प्रमाण एकदा ठरलं की कुठल्याही भागासाठी मोडू नका. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, तिथे ते शोभतं. मॉडेलमध्ये मात्र एक दार मोठं झालं तरी अख्खं जहाज खेळण्यासारखं दिसायला लागतं.

खरी गंमत पुढे आहे. लेखकाचे आकडे एकमेकांशी पटतातच असं नाही. पुस्तकात पुढच्या भागातल्या खोल्या क्रमाने दिल्या आहेत. मध्यापासून नाकाकडे जाताना जेवणघर ५ मीटर, ग्रंथालय ५, मुख्य दालन १०, कॅप्टनची खोली ५, गोष्ट सांगणारे प्राध्यापक आरोनाक्स यांची खोली अडीच आणि शेवटी हवेची टाकी साडेसात. बेरीज ३५ मीटर, म्हणजे बरोबर अर्धी लांबी. यावरून मुख्य दालन नाकापासून १५ मीटरवर सुरू होतं. आता नेमो पाणबुडीचं घनफळ साधारण १५०० घनमीटर सांगतो. मध्ये नळी आणि टोकांना शंकू धरून मी हिशेब केला, तर या घनफळात सरळ नळी जेमतेम १० मीटरची येते, आणि १५ मीटरवर पाणबुडीची रुंदी फक्त ४ मीटर उरते. तिथे ६ मीटर रुंदीचं दालन बसणार कसं? मी तो कागद दोन दिवस घेऊन बसले होते. माझंच गणित चुकतंय असं वाटत होतं.

अशा वेळी निवड करावी लागते. मी दालन निवडलं, कारण त्या कथेचा जीव त्या दालनात आहे. तिथला ऑर्गन, चित्रं, दोन्ही बाजूंच्या लंबगोल काचा, सगळं तिथेच. घनफळ सोडून दिलं. २०० मिलिमीटर सरळ पाइप आणि दोन्ही टोकांना ७५ मिलिमीटरचे सागाचे शंकू, लेथवर कातून घेतलेले. ही आकृती भरते सुमारे २५०० घनमीटर, म्हणजे नेमोच्या आकड्यापेक्षा हजारभर जास्त. हे मॉडेलच्या नावाच्या पट्टीखाली मी लिहूनही ठेवलंय. तुम्हीही कुठे काय बदललं ते लिहून ठेवा.

दालन बसवताना आणखी एक गोष्ट कळली. ३० बाय २५ मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण ३९ येतो आणि माझ्या पाइपचा आतला व्यास होता ३६. बसेना. पुन्हा पुस्तक उघडलं, तर तिथे स्पष्ट लिहिलेलं, की दालनाचे कोपरे कापलेले आहेत. इतक्या वेळा वाचून ते दोन शब्द माझ्या नजरेतून निसटले होते! प्रत्येक कोपरा अडीच-तीन मिलिमीटर कापला आणि दालन आत सरकलं. त्या क्षणी मला फार आनंद झाला.

बाहेरच्या अंगाबद्दलही पुस्तक बोलतं. पत्रे सरपटणाऱ्या प्राण्याच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले आहेत, आणि बाहेरच्या पत्र्याची जाडी निदान ५ सेंटिमीटर. १:२०० मध्ये ते पाव मिलिमीटर होतात. लग्नपत्रिकेचं कार्ड जवळपास तेवढंच असतं, घरात पत्रिकांचा गठ्ठा होताच. पट्ट्या कापून शेपटाकडून नाकाकडे चिकटवत आणा, म्हणजे प्रत्येक पुढची पट्टी मागचीवर चढते. पाइप आणि शंकू यांचे सांधे एम-सीलने भरा, पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासा (कार्ड लावण्याआधी, नंतर पाणी लागलं तर ते फुगतं), मग प्रायमर.

नाकाचं टोक गोल ठेवू नका. नॉटिलसच्या धडकेने 'स्कोशिया' नावाच्या जहाजाला पडलेलं भगदाड समद्विभुज त्रिकोणाचं होतं असं कादंबरीत आहे, म्हणजे धडक मारणारं पोलाद त्रिकोणीच असणार. असे पुरावे वर्णनाच्या पानांवर नसतात, ते प्रसंगांत दडलेले असतात. तुमच्या पुस्तकातही अपघात, दुरुस्ती आणि पळापळ यांची पानं आधी शोधा. कोण किती पावलं धावला, कुठे डोकं आपटलं, शिडीला किती पायऱ्या होत्या, यातून छताची उंची आणि बोळाची लांबी मिळते.

जिथे पुस्तक गप्प आहे, तिथे त्या काळातली खरी यंत्रं पाहा. मी 'प्लाँजर' या १८६३ मध्ये पाण्यात उतरलेल्या फ्रेंच पाणबुडीची चित्रं समोर ठेवली. आणि नेमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, हे व्हर्नने नंतरच्या 'रहस्यमय बेट' या कादंबरीत सांगितलंय, म्हणून दालनातला गालिचा मी आपल्याकडच्या नक्षीचा रंगवला. पुस्तकात तसं काही म्हटलेलं नाही. ती भर माझी, आणि तीही पट्टीखाली नोंदवलेली आहे.

तुमचं पुस्तक कोणतं ते कळवा. मी वाचलेलं असेल तर मापं काढायला मदत करेन.