दार चालत गाठता आलं पाहिजे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून थेट माझ्याकडे आलीस आणि चहा निवला तरी कपाला हात लावला नाहीस. यूपीएससीचा चौथा प्रयत्न द्यावा, की प्रभागातले लोक म्हणताहेत तसं इथलंच काम अंगावर घ्यावं, हे तुला सुचेना. तुझ्या हुशारीबद्दल मी काही लिहीत नाही. पण उठताना "काका, खरे निर्णय दिल्लीतच होतात ना?" म्हणालीस, ते डोक्यातून जात नाही.

होतात गं. तेच तर माझं दुखणं आहे. आपल्या नळाचा, कचऱ्याचा, पदपथाचा निर्णय जो घेतो, त्याचं दार आपल्याला चालत गाठता आलं पाहिजे.

२००५ च्या पावसाळ्यात आमच्या वाड्यासमोरचं चेंबर तुंबलं आणि मैलापाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं. सकाळी सहाला चार बायका आणि मी नगरसेविकेच्या घरी गेलो. बाई तशाच चपला सरकवून निघाल्या, साडी वर खोचून त्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि तिथूनच अभियंत्याला फोन लावला. नऊला गाडी आली. बाई काही फार मोठ्या नव्हत्या. २००७ ला त्याच जिन्यावर त्यांना मत मागायला यायचं होतं.

आणि आता बघ. १४ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, नवी निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. मध्ये जवळपास चार वर्षं पुण्यात एकही नगरसेवक नाही, कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे. मुदत संपायच्या आत निवडणूक व्हावी, असं राज्यघटनेचं २४३-यू कलम सांगतं. तू ते पाठ केलंयस ना? मग त्या चार वर्षांत तुमच्या अभ्यासिकेत त्यावर कुणी चकार शब्द काढला का? प्रशासक कितीही कष्टाळू असो, त्याला जाब विचारणारे मुंबईत बसतात. तुला-मला तिथे चालत जाता येत नाही.

पैशाचंही तेच. पूर्वी शहर आपल्या वेशीवर जकात घ्यायचं. २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, पुढे तोही गेला आणि २०१७ पासून राज्याकडून येणाऱ्या जीएसटीच्या भरपाईकडे डोळे लावून बसायचं. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आणि चिरीमिरी मला परत नकोत. पण घर आपलं आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे मला मान्य नाही.

ज्योतिराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागताला एक हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण नगरपालिकेतलं काम त्याला हलकं वाटलं नाही. तुला का वाटावं?

"नगरसेवक म्हणजे ठेकेदारांचे भागीदार," असं तू म्हणशील. हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. असतात काही. पण निकृष्ट रस्त्यावर पाय तुझा पडतो, खडी तुला दिसते, आणि तो माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहतो. दिल्लीतल्या घोटाळ्याची तुला फक्त बातमी वाचायला मिळते.

२००७ मध्ये लोक मला म्हणाले, उभे राहा. मी नाही म्हणालो. आई अंथरुणाला खिळली होती, हे खरंच होतं. तिला सोडून दारोदार फिरणं शक्य नव्हतं, आजही मी तेच सांगेन. पण घरोघरी हात जोडायची मला लाजही वाटली होती, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून मी दुसऱ्यांना ढकलत आलोय. तुलाही ढकलतोय, रागावू नकोस.

चौथा प्रयत्न द्यायचा असेल तर जरूर दे. पण नागरिकांनी कामं सुचवायची सोय महापालिकेच्या अंदाजपत्रकात २००६ पासून आहे. तुमच्या अभ्यासिकेसमोरचा पदपथ उखडलाय, रात्री मुली रस्त्यावरून चालतात, हे तूच सांगितलंस. गुरुवारी अकराला ये. क्षेत्रीय कार्यालय इथून वीस मिनिटांवर आहे, चालतच जाऊ.

तुझा,
काका