लेसरचे साठ हजार आणि हप्त्याचे साठ हजार

विक्रोळीच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय 41, हातात महिना 65 हजार, गृहकर्ज 28 लाख, घरात कमावणारे एकटेच. डोळ्याला जंतुसंसर्ग झाला आणि उजव्या बुबुळावर पांढुरका डाग राहिला. आई म्हणते ‘फूल पडलं’, डॉक्टर पीटीके (डागाचा थर घासून काढणारा) लेसर सुचवतात. खर्च 60 हजार. प्रश्न असा: “तीन लाखांची एफडी मोडू, कार्डावर ईएमआय करू, की चार वर्षं भरलेली पॉलिसी बंद करू?”

एफडीतून काढा. सात टक्क्यांचे पैसे जपायला पंधरा टक्क्यांचं कर्ज कशाला?

पण आधी डॉक्टरांना विचारा, डाग किती खोल? कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, मध्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि हा लेसर फक्त वरचा थर घासतो. डाग खोल असेल तर कडक लेन्स किंवा प्रत्यारोपणाचीच गोष्ट निघते. हॉस्पिटलच्या काउंटरवर ‘चष्माही जाईल’ म्हणाले, ते विसरा. पीटीकेनंतर उलट प्लस नंबर येऊ शकतो. ‘लेसरला मेडिक्लेम नसतो’ हेही अर्धवट. चष्म्याचा 7.5 पेक्षा कमी नंबर घालवायचा लेसर विम्यात बसत नाही, पण तुमचा डाग हा आजार आहे. निदान कागदावर स्पष्ट लिहून घ्या आणि कंपनीच्या मेडिक्लेमकडे आधी मंजुरी मागा. मिळेलच असं नाही, पण तुम्ही विचारलेलंच नाही!

आता ती पॉलिसी. वर्षाला 60 हजार, वीस वर्षं, शेवटी 18 लाख. बँकेतल्या मुलाने ‘एफडीसारखीच, वर विमा फुकट’ म्हणून गळ्यात मारलेली. म्हणजे 12 लाख भरून चारेक टक्के. आणि विमा किती? सहा लाख! तुमचा नऊ महिन्यांचा पगार. उद्या काही झालं तर कर्जातलेच 22 लाख बायकोच्या डोक्यावर. एकदाच्या 60 हजारांसाठी तुम्ही पत्र लिहिलंत, दरवर्षीच्या 60 हजारांवर एक ओळ नाही.

आज मोडली तर भरलेल्या 2 लाख 40 हजारांतले निम्मे हातात येतील, असं तुम्हीच लिहिलंय. दुखेल. पण ते 1 लाख 20 हजार गुंतवा, हप्त्याच्या रकमेतून एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, शेवटी परत काही नाही) घ्या, त्याला अंदाजे 22 हजार धरू (वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून शून्य आहे), आणि उरलेले 38 हजार दरवर्षी टाकत राहा. सात टक्क्यांनी सोळा वर्षांत 15 लाखांच्या आसपास होतात. 18 पेक्षा कमी? हो, तीन लाखांनी. मधली सोळा वर्षं मात्र घरामागे सहा लाखांऐवजी एक कोटी उभे असतात.

घाईत उलटं करू नका. टर्म पॉलिसी हातात आल्यावरच जुनी मोडा. अर्जात डोळ्याचा डाग आणि लेसर दोन्ही लिहा, एजंट ‘गरज नाही’ म्हणाला तरी. पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे म्हणता, तर टर्मचा अर्ज याच आठवड्यात टाका.