जिस्टचा रिपोर्ट सही करण्यापूर्वी

पुणे

प्रिय डॉक्टर,

'स्पिंडल सेल (लांबट पेशींचा) ट्यूमर, बहुधा जिस्ट (गॅस्ट्रोइंटेस्टिनल स्ट्रोमल ट्यूमर, पचनमार्गाच्या भिंतीतली गाठ)' एवढ्यावर रिपोर्ट सोडू नकोस. ऑन्कॉलॉजिस्टला गाठीची जागा, आकार, मायटोसिसचा (विभागणाऱ्या पेशींचा) आकडा, गाठ फुटली होती का आणि जीनमधला बदल हे सगळं लागतं. नुसत्या नावावर तो इमॅटिनिबची गोळी सुरू करू शकतो, पण किती आणि किती वर्षं, हे ठरवू शकत नाही.

पुण्यात साताऱ्या-सोलापूरकडची गाठ बऱ्याचदा नातेवाइकांच्या पिशवीतून येते. बरणीत फॉर्मेलिन आहे की सलाइन, हे आधी विचार. सलाइन असेल तर तसं फॉर्मवर नोंदव, कारण पेशी कुजल्या की मायटोसिस ओळखू येत नाहीत. गाठ मोज, वरचं आवरण अखंड आहे का पाहा, फोटो काढ आणि मगच सेंटीमीटरभर जाडीचे काप घे. अख्खी मोठी गाठ तशीच बुडवली तर मधला भाग कच्चाच राहतो. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन गाठीच्या किमान दहापट हवं. एक-दोन दिवस पुरे. ७२ तासांपुढे डीएनएचे तुकडे पडतात आणि म्युटेशनची तपासणी फसते. विसर्जनाच्या आसपास पेठांतले रस्ते बंद असतात, तेव्हा बरणी कुठेतरी अडकून राहणार हे गृहीत धर.

आयएचसीत (प्रतिपिंडांनी प्रथिनं रंगवण्याच्या तपासणीत) सीडी११७ आणि डॉग१ हे जिस्टचे दोन्ही मार्कर लाव. स्लाइडवरच्या मास्ट पेशी सीडी११७ने रंगल्या नसतील तर 'निगेटिव्ह' लिहू नकोस, डाग (रंगवणं) पुन्हा कर. डेस्मिन (स्नायूचा मार्कर) ठळक असेल तर लायोमायोमा, एस१०० (मज्जातंतूच्या आवरणाचा) असेल तर श्वानोमा आठव. मेलानोमाही सीडी११७ पॉझिटिव्ह असू शकतो. जठरातली एपिथेलिऑइड (गोलसर पेशींची) गाठ, सीडी११७ फिकट आणि डॉग१ पॉझिटिव्ह असं दिसलं तर पीडीजीएफआरए जीनमधल्या बदलाचा संशय घे. रुग्ण तरुण असेल आणि जठरात अनेक गाठोळ्यांची गाठ असेल तर एसडीएचबी प्रथिनाचा डाग लाव. तो उमटलाच नाही तर जागा, आकार आणि मायटोसिसवरचं नेहमीचं जोखमीचं कोष्टक तिथे लागू पडत नाही, आणि एरवी जिस्टमध्ये फारशा न लागणाऱ्या लसिका ग्रंथीही बघाव्या लागतात.

सगळ्यात जास्त गफलत मायटोसिसमध्ये होते. मोजायचं असतं ५ चौरस मिलिमीटर क्षेत्र. '५० एचपीएफ' (हाय पॉवर फील्ड) ही जुन्या, अरुंद क्षेत्राच्या मायक्रोस्कोपची भाषा. आयपीसवरचा फील्ड नंबर २२ असेल तर ४० एक्सला क्षेत्राचा व्यास ०.५५ मिमी, म्हणजे सुमारे २१ फील्ड पुरतात. नंबर २० असेल तर साधारण २५. २२ नंबरला ५० मोजलेस तर दुपटीहून अधिक जागा मोजली जाते, ३ चे ७ होतात आणि कमी जोखमीचा माणूस ३ वर्षं इमॅटिनिब खात बसतो. सगळ्यात गजबजलेल्या जागेपासून सुरुवात कर, आक्रसलेली काळी केंद्रकं मोजू नकोस. केआय-६७ (पेशींच्या वाढीचा मार्कर) हा या आकड्याला पर्याय नाही. आधी इमॅटिनिब दिलेलं असेल तर हा आकडा जोखमीसाठी वापरायचाच नाही.

जागा विसरू नकोस. ५ ते १० सेंमीची, ५ किंवा त्याहून कमी मायटोसिस असलेली गाठ जठरात असेल तर पुढे पसरण्याचं प्रमाण ३.६ टक्के, लहान आतड्यात तेच २४ टक्के. आणि सर्जनला फोन करून विचार, गाठ पोटात फुटली की बाहेर काढल्यावर. फॉर्मवर हे क्वचितच लिहिलेलं असतं.

म्युटेशनसाठी नेक्रोसिस (मेलेला भाग) नसलेला, गाठीने भरलेला मेणाचा ब्लॉक निवड आणि त्याचा नंबर रिपोर्टमध्येच लिही. बदल किट जीनच्या एक्सॉन (जीनचा एक भाग) ११ मध्ये असेल तर इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, पसरलेल्या आजारात एक्सॉन ९ असेल तर बहुधा ८००, आणि पीडीजीएफआरए जीनमध्ये डी८४२व्ही हा बदल असेल तर इमॅटिनिबचा उपयोगच नाही. ब्लॉक घेऊन जाणाऱ्या नातेवाइकांना बजावून सांग, एप्रिलच्या उन्हात तो गाडीच्या काचेपाशी ठेवायचा नाही. मेण वितळतं.

कळावे.