दहावी कुठली, ते आधी बघ

प्रिय बाळ,

परवा रात्री तुझा तो लांबलचक मेसेज वाचला, व्हॉइस नोट पाठवणार होतो पण तीनदा रेकॉर्ड करून तीनदा डिलीट केली, बोलताना माझाच गोंधळ उडायला लागला, म्हणून सरळ लिहितोय. निवांत वाच, पप्पांना दाखव, आणि शिनोळीच्या मामांना तर नक्की दाखव, कारण खरं सांगू, मला तुझी काळजी नाहीच, त्यांच्या पोराची वाटतेय. ते खाली येतंय.

तू विचारलंस की डेंटलला जायचं तर अकरावी-बारावी कोल्हापूरला करू की बेळगावातच पीयू (कर्नाटकातली अकरावी-बारावी) करू, कुठं राहिलं तर सीट मिळायचा चान्स जास्त. ह्या 'राहिलं' शब्दानंच आपल्याकडं निम्मा घोळ करून ठेवलाय बघ. लोकांना वाटतं रहिवासी म्हणजे रेशनकार्ड, आधार, घरपट्टीची पावती, शेताचा उतारा. गेल्या मे महिन्यात माझ्या दातांच्या क्लिनिकात एकजण दाढेचं रूट कॅनल करायला आले, खानापूर तालुक्यातले, खुर्चीत बसले नाहीत तोवर पिशवीतनं कागद काढून माझ्या ट्रेवरच पसरले. आरसा-प्रोब बाजूला सारला नि मीही बघत बसलो, काय करणार. बरीच वर्षं नोकरी गोव्यात, रेशनकार्ड तिथलं, आता पोरगा नीट (मेडिकल-डेंटलची देशभराची प्रवेश परीक्षा) देतोय, आणि कुणीतरी त्यांना सांगितलेलं की तुमचं घर गोव्याचं, तुम्हाला कर्नाटकाची सीट नाही. मी म्हटलं रेशनकार्ड ठेवा आत, शाळेचे कागद दाखवा. पहिली ते पाचवी गोवा. सहावीपासनं पोरगं आजीकडं. मग आम्ही दोघं बोटं घालून मोजायला लागलो, सहावी, सातवी, आठवी, नववी, दहावी, पीयूची दोन. सात! बरोबर सात. माणूस दाढ विसरून हसायला लागला, तोंडात अजून इंजेक्शन पण दिलं नव्हतं.

तर कर्नाटकात मोजतात ती शाळेतली वर्षं. पहिलीपासनं बारावीपर्यंत कमीत कमी ७ वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात काढलेली पाहिजेत, आणि दहावी किंवा बारावी ह्यातली एक तरी परीक्षा इथनं पास झालेली पाहिजे. वर्षं सलग नसली तरी चालतात, सीबीएसई असलं तरी चालतं, फक्त एकाच वर्गात दोनदा बसलं तर ते एकच वर्ष धरतात. ह्यात माध्यमाचा कुठंच संबंध नाही! आपल्यात अजून कितीतरी घरात समज आहे की मराठी मीडियमची पोरं म्हणजे कर्नाटकाच्या सीटवर पाणी सोडायचं. मी स्वतः गावच्या सरकारी मराठी शाळेतनं आलो आणि कर्नाटकाच्या सीईटीतनंच बीडीएस (दातांच्या डॉक्टरची डिग्री) केलं. एक नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाला, काळा दिवस म्हणून काळी फीत लावून सायकल फेरीत जाणारा पोरगा मी, सीट घेताना आजोबा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच बेंगळुरूच्या गाडीचं तिकीट काढून आणलं.

आता तुझं. पहिली ते दहावी सगळं इथंच, पुढच्या मार्चमध्ये एसएसएलसी (इथली दहावीची परीक्षा). म्हणजे तुझी ७ वर्षं कधीच पुरी झालीत आणि दहावी इथली असणार. तू कोल्हापूरला जा, लातूरला जा नाहीतर टिळकवाडीत क्लास लाव, तुझा कर्नाटकाचा हक्क हलत नाही. पण मामा म्हणतात तसं कोल्हापूरला बारावी केली की महाराष्ट्राची सीट, तेही होत नाही हां. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के सीटांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातनं पास पाहिजेत, वर तिथलं डोमिसाईल (रहिवासी दाखला). तुझी दहावीच इथली, विषय संपला. तेव्हा कोल्हापूर का बेळगाव हे तू क्लास, हॉस्टेलचा खर्च, आईच्या हातचं जेवण असल्या गोष्टींवर ठरव, कोट्यासाठी म्हणून घर सोडू नको. नीटचं सेंटर कुठं आलं ह्यानं तर काडीचाही फरक पडत नाही, तेही कुणीतरी विचारतंच दरवर्षी.

राज्याचा कोटा एवढा महत्त्वाचा का, ते पण सांगतो. नीटला दरवर्षी वीस लाखांच्या वर पोरं बसतात. सरकारी डेंटल कॉलेजातल्या १५ टक्के सीटा ऑल इंडियाच्या, त्या एमसीसी (केंद्राची काउन्सेलिंग कमिटी) भरते, तिथं घर कुठलं कुणी विचारत नाही, पण मग अख्खा देश तुझ्यासमोर. उरलेल्या ८५ टक्क्यांत फक्त राज्यातली पोरं. त्यात आपल्याकडची सरकारी कॉलेजं म्हणजे बेंगळुरू, बळ्ळारी असली लांबची, आणि बळ्ळारीच्या भागात राज्यघटनेच्या ३७१ (जे) कलमामुळं ७० टक्के सीटा तिकडच्याच पोरांना. बेळगाव त्यात येत नाही. म्हणून आपल्या पोरांचा खरा खेळ असतो तो प्रायव्हेट कॉलेजातल्या सरकारी सीटवर, केईएच्या (कर्नाटकाची प्रवेश परीक्षा संस्था) काउन्सेलिंगमधनं मिळते ती. कॉलेज तेच, मास्तर तेच, खुर्चीही तीच, पण सरकारी सीटची फी आणि मॅनेजमेंट सीटची फी ह्यात जमीन विकायची का ठेवायची एवढा फरक. आणि ती सरकारी सीट फक्त नियमानं कर्नाटकाचे धरलेल्या पोरांना. बॉक्साइट रोडचं मराठा मंडळाचं डेंटल कॉलेज ह्या रांगेतलं आहे.

नेहरूनगरचं केएलई मात्र वेगळं. ते तुझ्या घरापासनं अर्ध्या तासावर, तुझी मावशी तिथं दात दाखवायला जाते, तरी तिथल्या सीटसाठी बेळगावची पोरगी आणि बिहारची पोरगी सारखीच. डीम्ड युनिव्हर्सिटी (स्वतःच विद्यापीठाचा दर्जा असलेली संस्था) आहे ना, सगळ्या सीटा एमसीसीतनं, ऑल इंडिया रँकवर, लोकल कोटा नावाचा प्रकारच नाही. फीही डीम्डची. कुणी 'आपल्या ओळखीनं लोकल म्हणून करून देतो' म्हणालं तर चहा पाज आणि वाटेला लाव.

रिझर्वेशनचं थोडक्यात. पहिली ते दहावी सगळी १० वर्षं खेड्यातल्या शाळेत काढली असती तर रुरलचा १५ टक्क्यांचा कोटा मिळाला असता, तू आठवीला बसनं सिटीतल्या हायस्कूलला यायला लागलीस, तिथंच ते गेलं. कन्नड मीडियमचे ५ टक्के आपल्याला नाहीतच. मराठा म्हणून ३बी चं (कर्नाटकातल्या मागासवर्गांचा एक गट) सर्टिफिकेट नाडकचेरीतनं, म्हणजे गावाकडच्या महसूल ऑफिसातनं, काढून ठेवा, त्यावरचा आरडी नंबर नीट बघून घ्या, पण तो कागद कर्नाटकातच चालतो, महाराष्ट्राच्या फॉर्मला नाही.

आता ८६५ गावांचं. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर दावा सांगितलाय, तिथं राहणाऱ्या आणि मातृभाषा मराठी असणाऱ्या पोरांसाठी तिकडं थोड्या सीटा वेगळ्या ठेवलेल्या असतात, ब्रोशरमध्ये एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) असं लिहिलेलं असतं. तुझं गाव त्यात येतं, तेव्हा फॉर्म जरूर भर. पण बीडीएसच्या सीटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि निपाणीपासनं कारवारपर्यंत आणि तिकडं भालकीपर्यंतची पोरं त्यावर टपलेली. त्याच्यावर हवाला ठेवून केईएचा फॉर्म सोडलेला एक पोरगा मला माहीत आहे, तो आता बीएस्सी करतोय. गंमत बघ, कर्नाटकानंही तसंच उलटं करून ठेवलंय. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज इथल्या कन्नड घरातल्या पोरांसाठी 'गडिनाडू कन्नडिग' (सीमेवरचे कन्नडिग) म्हणून क्लॉज आहे, त्यांना कन्नडची टेस्ट द्यावी लागते. दोन्ही सरकारं एकमेकांच्या अंगणातल्या पोरांना खिडकीतनं हाक मारतायत, आणि मधल्या मधे सापडतात ती शिनोळीसारख्या गावची पोरं.

मामांच्या पोराचं हेच. शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. त्यानं दहावी तिकडनं केली, बरोबर? आणि आता मामा म्हणतात बेळगाव पंधरा-वीस मिनिटांवर, तिकडं चंदगडला कशाला पाठवू, इथंच पीयूला घालतो. मला हे वाचून धसकाच बसला. बारावी कर्नाटकातनं झाली की महाराष्ट्राचे ८५ टक्के त्याच्या हातनं गेले, डोमिसाईल असलं तरी गेले. आणि इथं त्याची वर्षं किती? दोन. म्हणजे इकडंही बाहेरचा आणि तिकडंही बाहेरचा, घर मात्र दोन राज्यांच्या बरोबर मधे. मग राहतं काय तर ऑल इंडियाचे १५ टक्के, डीम्ड, आणि प्रायव्हेट कॉलेजातल्या सगळ्यांना खुल्या असलेल्या महागड्या सीटा. चंदगडकडची किती पोरं दरवर्षी असं करून बसतात म्हणून सांगू, सगळी बस बघून कॉलेज ठरवतात, आणि कळतं कधी तर नीटचा रिझल्ट लागल्यावर फॉर्म भरताना.

पण एक वाट आहे, मामींना विचार. मामी माहेरच्या बेळगावजवळच्या कडोलीच्या ना? कर्नाटकात दुसरा एक क्लॉज आहे, पोरानं पीयूची दोन्ही वर्षं कर्नाटकात केली असतील आणि आई किंवा वडील ह्यातलं कुणी एक ७ वर्षं कर्नाटकात शिकलं असेल तर पोरगा इथला धरतात. मामी कडोलीच्या शाळेत सातवीपर्यंत जरी शिकल्या असतील तरी काम झालं. सोयरीक सीमेच्या पलीकडं केल्याचा असा उपयोग होईल असं कुणाच्या आजीला वाटलं नसेल. फक्त तो कागद ॲडमिशनच्या आधी हातात पाहिजे, नंतर 'मिळेल की' म्हणून चालणार नाही. शाळेत जुन्या रजिस्टरचा उतारा मागायचा, त्यावर मामींचं माहेरचं नाव असणार आणि पोराच्या कागदांवर सासरचं, तेव्हा दोन्ही नावं एकाच बाईची हे दाखवायला लग्नाचा दाखला किंवा ॲफिडेव्हिट लागतं. आणि हा कागद निघाला नाही तर पोराला गपचूप चंदगडला किंवा कोल्हापूरला घाला, बसचा त्रास दोन वर्षांचा आहे.

कागदाचं मी एवढं का सांगतोय तर माझ्या पुतणीच्या वेळी मी स्वतः भोगलंय. ती चौथीत असताना दिवाळीनंतर एका शाळेतनं दुसरीत गेली. स्टडी सर्टिफिकेट (कुठली इयत्ता कुठं केली त्याचा दाखला) काढताना पहिल्या शाळेनं ते वर्ष धरलं नाही, दुसरीनंही धरलं नाही, आणि पुढं पाच वर्षं ती पुण्यात होती, म्हणजे सगळं मोजून व्हायचं ते ७ आणि कागदावर ६. व्हेरिफिकेशनच्या टेबलावर कळलं. बाई म्हणाल्या सहाच आहेत. मी पोरगी तिथं बसवून गावाला पळालो, क्लार्क जेवायला गेलेला, तो आला तर शिक्का हेडमास्तरांच्या कपाटात आणि हेडमास्तर ट्रेनिंगला. दुसऱ्या दिवशी सही, तिसऱ्या दिवशी बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसची सही, आणि चौथ्या दिवशी स्लॉट मिळाला हे आमचं नशीब. तू काय कर, एसएसएलसी झाली की लगेच सुट्टीत दोन्ही शाळांची स्टडी सर्टिफिकेटं काढ, प्रत्येक इयत्ता आणि प्रत्येक वर्ष वेगळं लिहून घे, बीईओची सही घे, पाच झेरॉक्स मार. तीन ठिकाणी तीन फॉर्म भरायचे असतात, केईए, महाराष्ट्राचा सीईटी सेल आणि एमसीसी, ओरिजिनल एकाच कॉलेजात अडकतात आणि दोन सीटा धरून बसता येत नाही, तेव्हा कुठली आधी सोडायची हे पप्पांशी आधीच बोलून ठेव. आणि क्लॉज दरवर्षी थोडे इकडं तिकडं होतात, तुझ्या वर्षीचं ब्रोशर स्वतः वाच, माझं पत्र दाखवून भांडू नको.

कन्नडची भीती वाटते म्हणालीस. सीटसाठी तुला ती टेस्ट नाही. पण नंतर पेशंट काय मराठीत दात दुखतो म्हणणार नाही. मी तिसऱ्या वर्षाला पहिल्यांदा क्लिनिकमध्ये उभा राहिलो, सरांनी सांगितलं 'बाय तेगीरी' म्हण, म्हणजे तोंड उघडा. मला वाटलं बाईला काहीतरी करायला सांगतायत, मी नर्सबाईंकडं बघत बसलो, पेशंट माझ्याकडं. आता माझी अर्धी ओपीडी कन्नड आहे.

शनिवारी क्लिनिकला ये, पाचनंतर, तेव्हा गर्दी कमी असते. तुझी सगळी मार्क्स कार्डं आण, आणि मामींच्या शाळेच्या कागदाचा नुसता फोटो मिळाला तरी घेऊन ये, मामांशी मीच फोनवर बोलतो. पीयूच्या ॲडमिशन सुरू व्हायच्या आत.

तुझा,
डॉक्टर काका